स्विच बसवताना: आधी तारा, मग लाइट, शेवटी सेटिंग

नेटवर्क स्विच म्हणजे जागेतल्या सगळ्या उपकरणांच्या नेटच्या तारा जिथे एकत्र येतात तो डबा. त्याचा खोका अजून उघडू नका. आधी एक कोरा कागद घ्या, जागेत एक फेरी मारा आणि कुठे काय लागणार आहे ते मोजून लिहा. गेली चौदा वर्षं मी नेटवर्कचं काम करते. ‘नेट बंद पडलंय, स्विच गेला वाटतं’ असा फोन आला की मी जाते, आणि बहुतेक वेळा स्विच ठणठणीत असतो. कुठेतरी टोक घाईत पंच केलेलं, म्हणजे खाचेत दाबून बसवलेलं, असतं, केबल दारात चेमटलेली असते, किंवा कोणती तार कुठे जाते हेच कुणाला माहीत नसतं. म्हणून सेटिंगकडे मी उशिरा येणार आहे. आधी तारांचं बोलू.

उदाहरणाला माझं अलीकडचं एक काम घेते. दुमजली वाचनालय. ११ कॉम्प्युटर, १ प्रिंटर, २ वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट, ४ कॅमेरे आणि राउटरकडे जाणारी १ केबल, म्हणजे १९ पोर्ट, तार लावायच्या १९ जागा. १६ पोर्टच्या स्विचमध्ये हे मावत नाही, म्हणून २४ चा घेतला. पाच मोकळे राहिले आणि ते राहायलाच हवेत. एखादा पोर्ट जळला, एखादं टेबल वाढलं आणि मोकळा पोर्ट नसला, तर ऐनवेळी छोटा पाच पोर्टचा स्विच मध्येच टेबलाखाली जोडला जातो, आणि पुढे बिघाड शोधताना तोच सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला असतो.

पोर्टनंतर वीज मोजा. कॅमेरे आणि अ‍ॅक्सेस पॉइंट केबलमधूनच वीज घेतात, म्हणजे स्विच पीओई, तारेतून वीजही देणारा, लागतो. इथे दोन आकडे वेगवेगळे बघायचे: एका पोर्टला किती वॉट आणि सगळ्या स्विचला मिळून किती. जुन्या ८०२.३एएफ मानकात पोर्टमधून १५.४ वॉट निघतात आणि तारेतली घट धरून उपकरणापर्यंत १२.९५ वॉटची खात्री असते. ८०२.३एटी मध्ये हेच ३० आणि २५.५ होतात. वाचनालयातल्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या माहितीपत्रकात कमाल १८ वॉट लिहिलं होतं, म्हणजे एएफ पुरणार नव्हतं, एटीच हवं होतं. कॅमेरे रात्रीचे इन्फ्रारेड दिवे लागल्यावर प्रत्येकी ७ वॉट घेणारे. चार कॅमेऱ्यांचे २८, दोन अ‍ॅक्सेस पॉइंटचे ३६, एकूण ६४ वॉट. स्विचचं एकूण पीओई बजेट याच्या निदान दीडपट असावं असा माझा हिशेब असतो. बजेट कमी पडलं की बिघाड विचित्र दिसतो: दिवसा सगळं नीट, आणि अंधार पडून इन्फ्रारेड लागले की शेवटचा कॅमेरा बंद.

साधा कॉम्प्युटर पीओई पोर्टला लावला तर जळेल का, असं मला दर कामावर कुणीतरी विचारतं. मानकाप्रमाणे बनवलेला स्विच आधी अगदी कमी व्होल्टेज देऊन पलीकडे साधारण २५ किलोओहमचा ठरलेला रोध आहे का ते तपासतो, आणि सापडला तरच वीज सोडतो. म्हणून भीती नाही. ‘पॅसिव्ह पीओई’ म्हणून मिळणारे इंजेक्टर मात्र काहीही न तपासता वीज ढकलतात. ते ज्या उपकरणासोबत आले त्याच्याशिवाय दुसरीकडे जोडू नका.

साधा स्विच की मॅनेज्ड, म्हणजे आत जाऊन सेटिंग करता येणारा? चार कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर असेल तर साधा घ्या, वायर लावा, काम झालं. पण बाहेरची माणसं नेट वापरणार असतील, कॅमेरे असतील, किंवा बिघाड दुरून पाहायचा असेल, तर मॅनेज्डच घ्या. वाचनालयात वाचकांचे लॅपटॉप आणि कर्मचाऱ्यांचे कॉम्प्युटर एकाच जाळ्यात ठेवणं मला पटणारं नव्हतं.

केबल

स्विचपासून उपकरणापर्यंत तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यातली ९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डना, म्हणजे जोडायच्या छोट्या तयार तारांना. नकाशावर सरळ रेषेत मोजू नका. केबल वर चढते, छताखालून वळते, खाली उतरते. ६० मीटर वाटणारं अंतर ओढताना ८० होतं.

एक गिगाबिट वेगाला कॅट ५ई पुरते (कॅट म्हणजे केबलची कॅटेगरी). मी कॅट ६ ओढते, कारण भिंत पुन्हा उघडायची वेळ येऊ नये. कॅट ६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंतच जातं, पूर्ण १०० मीटरला कॅट ६ए लागते. पण कॅटेगरीपेक्षाही आत काय आहे ते बघा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते आणि तिच्यावर ‘कॅट ६’ छापलेलं असतं. तिचा रोध जास्त, पीओईमध्ये ती जास्त तापते, आणि पंच करताना तार तुटते. ओळखायला सोपं आहे: तार ब्लेडने हलकेच खरवडा. आत चंदेरी दिसली तर ती केबल परत करा. वजनानेही कळतं, पूर्ण तांब्याचा खोका उचलताना हात खाली ओढला जातो.

ओढताना वीजवाहिनीच्या पट्टीतून नेट नेऊ नका. दोन्ही समांतर जाणार असतील तर अंतर ठेवा, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा तीव्र वळण देऊ नका. प्लॅस्टिकचा टाय करकचून आवळला की आतल्या जोड्यांचे पीळ दबतात, म्हणून मी वेल्क्रोच्या पट्ट्या वापरते. केबल ओढायला घेण्याआधीच दोन्ही टोकांवर नंबर टाकायचा. नंतर टाकू म्हटलं की ते राहतंच.

टोकं

भिंतीतली केबल सरळ स्विचमध्ये खुपसायची नाही. ती रॅकमध्ये, म्हणजे उपकरणं बसवायच्या सांगाड्यात, पॅच पॅनेल नावाच्या पोर्टच्या पट्टीवर आणि दुसऱ्या बाजूला भिंतीवरच्या आयओ बॉक्सवर, म्हणजे नेटच्या सॉकेटवर, पंच करायची. मधल्या उड्या तयार पॅच कॉर्डने. भिंतीतल्या केबलची तार अखंड असते, ती वारंवार हलवली की मोडते. पॅच कॉर्डची तार बारीक धाग्यांची असते, ती वाकणं सोसते.

रंगांचा क्रम टी५६८बी या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ए पद्धतीत हिरव्या आणि नारिंगी जोड्यांची अदलाबदल असते. कोणतीही चालेल, पण सगळ्या इमारतीत एकच. पॅनेलवर दोन्ही पद्धतींचे रंग छापलेले असतात, म्हणून घाईत एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी होतं. मी पॅनेलच्या कडेला पेनाने मोठं ‘बी’ लिहूनच सुरुवात करते.

बाहेरचं आवरण कापताना आतल्या तारांना ब्लेड लागू देऊ नका. आवरणाला फक्त ओरखडा काढायचा आणि मग वाकवून तोडायचं. जोड्यांचे पीळ खाचेच्या अगदी जवळपर्यंत तसेच ठेवा. १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचे नाहीत, म्हणजे करंगळीच्या नखाच्या लांबीइतकेच. नवीन मुलं तारा सुट्या करून, सरळ करून, देखण्या ओळीत बसवतात. दिसायला छान, पण शेजारच्या जोडीतला सिग्नल आत शिरू नये म्हणून जे पीळ दिलेले असतात तेच त्यांनी काढून टाकलेले असतात.

कधी कनेक्टर क्रिंप करावाच, म्हणजे केबलच्या टोकावर दाबून बसवावाच लागला, उदाहरणार्थ छतावरच्या कॅमेऱ्याला, तर क्लिप खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि केबल आपल्याकडून आत जाणारी असं धरा. तेव्हा पहिली तार डाव्या हाताला येते. तारा एका रेषेत कापा, आत ढकला आणि कनेक्टरच्या समोरून बघा: आठही तांब्याची टोकं पारदर्शक भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. आवरणही कनेक्टरच्या आतपर्यंत गेलेलं हवं, म्हणजे क्रिंपची पकड आवरणावर बसते. नुसत्या तारांवर पकड असली तर कॅमेरा वाऱ्याने हलला तरी संपर्क सुटतो.

आठ दिव्यांचा साधा टेस्टर सगळ्यांकडे असतो. तो क्रम सांगतो, तुटकी तार सांगतो. पण एक चूक त्याला दिसत नाही, आणि ती मी स्वतः केली होती, सुरुवातीच्या वर्षांत. रंगांची जोडी जोडीने मांडणी केली, पहिली-दुसरी, तिसरी-चौथी, पाचवी-सहावी, दोन्ही टोकांना अगदी तशीच. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले आणि मी निघून आले. केबल चालत होती, पण फाइल पाठवायला घेतली की अडखळत होती. कारण तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी असते आणि मी त्या दोन वेगवेगळ्या पिळांवर टाकल्या होत्या. धातूचा संपर्क बरोबर, जोडी फुटलेली. दोन दिवस मी कॉम्प्युटरला दोष देत राहिले. तेव्हापासून टेस्टर काहीही म्हणो, रंग डोळ्यांनी वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही.

स्विच टेबलावर

रॅकमध्ये चढवण्याआधी स्विच टेबलावर ठेवून सुरू करा. रॅकच्या मागे वाकून, अंधारात, लॅपटॉप मांडीवर घेऊन केलेल्या सेटिंगमध्ये चुका होतात. एकही केबल न लावता वीज द्या. एक-दोन मिनिटांत लाइट स्थिर होतील. मग लॅपटॉप एका पोर्टला जोडा.

स्विचचा पत्ता खालच्या लेबलवर असतो. अनेक स्विच ठरलेला पत्ता घेऊन येतात, समजा १९२.१६८.०.१. काही आधी राउटरकडून पत्ता मागतात आणि नाही मिळाला तर ठरलेल्यावर येतात. लॅपटॉपला हाताने त्याच मालिकेतला दुसरा पत्ता द्या, १९२.१६८.०.५०, मास्क २५५.२५५.२५५.०, वायफाय बंद करा आणि ब्राउझरमध्ये स्विचचा पत्ता टाका. पान उघडलं नाही तर दहापैकी आठ वेळा वायफाय सुरू राहिलेलं असतं.

आत गेल्यावर पहिलं काम पासवर्ड बदलणं. दुसरं फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करणं. ते आत्ताच करा, कारण अपडेटनंतर स्विच पुन्हा सुरू होतो आणि उद्या कामाच्या वेळेत ते करायला कुणी परवानगी देणार नाही. मग स्विचला कायमचा पत्ता द्या. तो राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा हवा, नाहीतर एक दिवस तोच पत्ता कुणाच्या तरी फोनला मिळेल. नाव द्या: ‘तळमजला-रॅक’ असं, जे वाचून पाय आपोआप तिकडे वळतील. घड्याळ एनटीपीला, म्हणजे नेटवरून अचूक वेळ देणाऱ्या सेवेला, जोडा. लॉगमधली वेळ चुकीची असेल तर बिघाड कधी झाला ते समजत नाही. टेलनेट, म्हणजे दुरून लॉगिन करायची जुनी पद्धत, सुरू असेल तर बंद करा, कारण त्यात पासवर्ड उघडा जातो.

व्हीलॅन

एका स्विचचे आतून वेगळे भाग करणं म्हणजे व्हीलॅन. क्रमांक १ ते ४०९४ पर्यंत असतात आणि नवीन स्विचचे सगळे पोर्ट १ मध्ये असतात. वाचनालयात मी कर्मचाऱ्यांना १०, वाचकांना २० आणि कॅमेऱ्यांना ३० दिला. टेबलाकडे जाणारा पोर्ट ‘अनटॅग्ड’, कारण कॉम्प्युटरला व्हीलॅनबद्दल काही माहीत नसतं. राउटरकडे जाणारा पोर्ट तिन्ही व्हीलॅनसाठी ‘टॅग्ड’, कारण एकाच तारेतून तीन प्रवाह जातात आणि प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्यावर, ती कोणाची हे लिहिलेलं असावं लागतं. अ‍ॅक्सेस पॉइंटचंही तसंच: कर्मचाऱ्यांचं वायफाय १० मध्ये, वाचकांचं २० मध्ये, तार एकच. राउटरवर हेच तीन क्रमांक बनवून प्रत्येकाला वेगळी पत्त्यांची मालिका द्यावी लागते. राउटरला व्हीलॅन कळत नसतील तर स्विचवर कितीही मेहनत घेतली तरी वाचकांना नेट मिळणार नाही.

वेब पानावरून सेट होणाऱ्या स्विचमध्ये एक जागा नक्की चुकते. पोर्ट ५ ला व्हीलॅन २० चा अनटॅग्ड सदस्य केला, झालं, असं वाटतं. पण ते फक्त बाहेर जाणाऱ्या फ्रेमचं झालं. आत येणारी टॅग नसलेली फ्रेम कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायची हे ‘पीव्हीआयडी’ ठरवतं, आणि तो बऱ्याच स्विचमध्ये वेगळ्या पानावर १ च राहिलेला असतो. कॉम्प्युटरची मागणी व्हीलॅन १ मध्ये शिरते, उत्तर २० मधून येणार असतं, पत्ता काही मिळत नाही. सदस्यत्व आणि पीव्हीआयडी दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडून पोर्टनिहाय वाचा.

आणि हे सगळं करताना ज्या पोर्टला तुमचा लॅपटॉप आहे त्याला हात लावू नका. मी २४ वा पोर्ट शेवटपर्यंत व्हीलॅन १ मध्ये ठेवते. आपणच आपल्याला बाहेर कोंडलं तर रिसेटचं बटण दाबून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

लूप

एकदा एका कार्यालयात सकाळी सगळं नेट ठप्प. मी रॅकचं दार उघडलं तर २४ पोर्टचे २४ लाइट एकाच तालात, जवळजवळ न विझता, लुकलुकत होते. नेहमी प्रत्येक लाइट आपापल्या चालीने चालतो. सगळे एका सुरात दिसले की लूप समजा, म्हणजे तार फिरून त्याच जाळ्यात परत आलेली. आदल्या संध्याकाळी झाडताना कुणीतरी जमिनीवर लोंबणारं पॅच कॉर्डचं टोक पाहून, बिचाऱ्याने चांगल्या मनाने, भिंतीतल्या रिकाम्या आयओमध्ये लावलं होतं. दुसरं टोक आधीच शेजारच्या आयओमध्ये होतं.

सगळ्यांना उद्देशून निघालेली फ्रेम स्विच आलेला पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टवर पाठवतो. लूप असेल तर ती फिरून परत येते आणि पुन्हा सगळीकडे जाते. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते, त्यामुळे ती आपण होऊन कधीच मरत नाही आणि काही क्षणांत फिरणाऱ्या प्रतींनी तारा भरून जातात. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला: स्विच एकमेकांशी बोलून जादा वाट स्वतःच बंद करतात. अनेक स्विचवर हे सेटिंग असतं, पण सुरू आहे का ते बघा. त्यातला नवा, वेगवान प्रकार, आरएसटीपी, निवडा. जुन्या प्रकारात पोर्ट सुरू व्हायला ३० सेकंद लागतात आणि तेवढ्यात कॉम्प्युटर पत्ता मागून थकतो. कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्यांचे पोर्ट ‘एज’, म्हणजे जिथे जाळं संपतं ते, म्हणून नोंदवा आणि त्यांच्यावर बीपीडीयू गार्ड लावा (बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच पाठवतात ते निरोप), म्हणजे तिथे कुणी दुसरा स्विच जोडला किंवा तार वळवून लावली तर फक्त तो पोर्ट बंद होईल. त्या कार्यालयात स्विच साधा होता. एकेक कॉर्ड उपसत गेले, तेराव्या कॉर्डला लाइट शांत झाले.

आणखी एक सेटिंग वाचनालयासारख्या जागी लावाच: डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे आपोआप पत्ते कोण वाटतंय यावर पहारा. फक्त राउटरकडचा पोर्ट ‘विश्वासू’ ठेवा. कुणी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीत लावला तरी तो सगळ्यांना भलते पत्ते वाटू शकणार नाही.

चढवणं आणि सुरू करणं

रॅकमध्ये एका युनिटची उंची ४४.४५ मिलिमीटर. केज नट, म्हणजे रॅकच्या चौकोनी भोकात बसणारे नट, आधी चारही बसवा, आतून बाहेर, आणि खालचे स्क्रू आधी आवळा. पॅच पॅनेल वर, स्विच त्याच्या खाली, म्हणजे छोट्या कॉर्ड पुरतात. पंखा असेल तर हवा कोणत्या बाजूने बाहेर पडते ते पाहून तिथे भिंत किंवा केबलचा गठ्ठा येऊ देऊ नका. रॅकला अर्थिंग द्या आणि स्विच यूपीएसवर ठेवा. पीओई कॅमेऱ्यांनाही त्याच यूपीएसचा आधार मिळतो, म्हणून यूपीएस निवडताना ते ६४ वॉटही धरा.

आता राउटरची केबल लावा, मग एकेक कॉर्ड. प्रत्येकीनंतर लाइट बघा. माझ्या स्विचवर हिरवा म्हणजे १००० मेगाबिट आणि नारिंगी म्हणजे १००. तुमच्याकडे रंग वेगळे असतील, माहितीपत्रकात बघा. वाचनालयात सातव्या पोर्टला नारिंगी लागला. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच, पिन १-२ आणि ३-६. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार सुटली तर लिंक तुटत नाही, बरेचदा १०० वर उतरते, आणि कुणाला कळतही नाही. आयओ उघडला: तपकिरी तार खाचेच्या वर तरंगत होती. पुन्हा पंच केली, लाइट हिरवा. अशा वेळी स्पीड हाताने १०० वर बांधून ‘चालतंय’ म्हणू नका. एका बाजूला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं; हाफमध्ये आळीपाळीने) बांधलेला आणि दुसऱ्या बाजूला ऑटो असेल तर ऑटोवाली बाजू हाफवर जाते आणि मग नेट चालूही असतं आणि रखडतही असतं. दोन्हीकडे ऑटो ठेवा.

वेग मोजायला इंटरनेटची चाचणी कामाची नाही, ती बाहेरची लाइन मोजते. दोन लॅपटॉपवर आयपर्फ हा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवा. गिगाबिटच्या नीट केबलवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा येतो.

सगळं जमलं की सेव्ह करा. बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये बदल लगेच लागू होतात, पण फक्त चालू स्मृतीत, आणि वीज गेली की सगळं पुसलं जातं. म्हणून निघण्याआधी मी स्वतः वीज बंद करून पुन्हा सुरू करते आणि तिन्ही व्हीलॅनमधून एकेक कॉम्प्युटर पिंग करून पाहते. मग सेटिंगची फाइल उतरवून घेते. एक प्रत जागेच्या मालकाकडे, एक माझ्याकडे. पासवर्ड बंद पाकिटात जबाबदार माणसाकडे. रॅकच्या दाराच्या आतून पोर्टचा तक्ता चिकटवते: पोर्ट, पॅनेल नंबर, खोली, व्हीलॅन.

आठवड्याने परत जाऊन पोर्टनिहाय चुकांचे आकडे बघा, विशेषतः सीआरसी, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेमचा आकडा. निरोगी केबलवर ते शून्य किंवा जवळपास शून्य असतात. वाचनालयात अठरा पोर्ट शून्यावर होते आणि वरच्या मजल्याच्या चौथ्या कॅमेऱ्यावर काही हजार. लाइट हिरवा, चित्र येत होतं, तक्रार कुणाचीच नव्हती. शिडीवर चढून पाहिलं तर केबल पत्र्याच्या कडेवर घासत होती आणि आवरण फाटलं होतं. तेवढा तुकडा कापला, कडेला रबराची कडी बसवली, नवा कनेक्टर क्रिंप केला आणि आकडे पुसून शून्यावर आणले. तिसऱ्या दिवशी दुरून लॉगिन करून पाहिलं, शून्यच होते.